अमेरिकेचं साम्राज्य : साखर, संत्री आणि जकात

घाटावरचा

अमेरिकेच्या साम्राज्यवादावर इथे धागा निघाला की गाडी व्हिएतनामवरून सुटते, इराकला थांबते आणि पन्नासाव्या प्रतिसादाच्या आसपास कुणीतरी कुणाची तरी अक्कल काढतं. मला त्याच्या बरंच आधीचं लिहायचंय, साधारण १८९० ते १९०५ मधलं. या काळात अमेरिकेने हवाई, पोर्तो रिको, ग्वाम, फिलिपिन्स आणि सामोआचा पूर्व भाग खिशात घातला, क्युबाच्या राज्यघटनेत स्वतःला हस्तक्षेपाचा हक्क लिहून घेतला आणि पनामाला कोलंबियापासून तोडायला हातभार लावला.

कारणं पुस्तकांत मिळतात. आरमाराला कोळशाचे तळ हवे होते, कारखानदारांना चीनची बाजारपेठ हवी होती, पाद्र्यांना धर्मप्रसार करायचा होता, आणि गोऱ्यांनी इतरांवर राज्य करावं हा निसर्गनियमच आहे असं बऱ्याच जणांना मनापासून वाटत होतं. सगळं खरं. पण नेमकं कुठे आणि कधी, हे समजायला मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो वॉशिंग्टनच्या जकातीच्या तक्त्याचा. त्यातही साखरेच्या ओळीचा.

हवाईपासून सुरू करतो. १८७५ च्या करारानंतर हवाईची साखर अमेरिकेत बिनजकात जाऊ लागली. तेव्हा हवाई स्वतंत्र राज्य होतं, राजा होता, इतर देशांशी तह होते. मळे मात्र बहुतेक गोऱ्यांचे, आणि त्यातले कितीतरी जण धर्मप्रसाराला आलेल्या अमेरिकी पाद्र्यांची मुलं-नातवंडं. पंधरा वर्षांत साखरेचं उत्पादन जवळजवळ दहापट झालं. १८८७ मध्ये याच गोटातल्या लोकांनी बंदुकीच्या धाकाने राजा कालाकाउआकडून नव्या घटनेवर सही घेतली. राजाचे अधिकार गेले, मताधिकाराला मालमत्तेची अट लागली, आणि मळ्यांत राबणाऱ्या चिनी-जपान्यांना मतच नाही. त्याच वर्षी साखरेच्या कराराची मुदत वाढवून घेताना पर्ल हार्बर अमेरिकी आरमाराला वापरायला मिळालं.

मग आला १८९० चा मॅकिन्ली कायदा. त्याने कच्च्या साखरेवरची जकात सगळ्याच देशांसाठी उठवली आणि घरच्या उत्पादकाला पौंडामागे दोन सेंट अनुदान दिलं. हवाईची सवलत एका फटक्यात कवडीमोल झाली. मळेवाल्यांनी हिशोब मांडला : परदेशी राहिलो तर बुडालो, अमेरिकेत गेलो तर ते दोन सेंट आपलेही.

१४ जानेवारी १८९३ ला राणी लिलिउओकलानीने सिंहासनाचे अधिकार परत आणणारी घटना मांडायचं ठरवलं आणि या मंडळींना निमित्त मिळालं. १६ तारखेला 'बोस्टन' या युद्धनौकेवरून १६२ अमेरिकी सैनिक आणि खलाशी होनोलुलूत उतरले. कारण काय, तर अमेरिकी नागरिकांच्या जिवाचं आणि मालमत्तेचं रक्षण. मुक्काम टाकला कुठे, तर राजवाड्याच्या आणि सरकारी कचेरीच्या हाकेच्या अंतरावर! दुसऱ्याच दिवशी अमेरिकेचा राजदूत जॉन स्टीव्हन्स याने बंडवाल्यांच्या सरकारला मान्यता देऊन टाकली.

यापुढचा भाग मला फार रोचक वाटतो. राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंडने चौकशी लावली, राणीला परत बसवा म्हणाला. नव्या सरकारचा प्रमुख सॅनफर्ड डोल सरळ नाही म्हणाला. १८९७ मध्ये विलीनीकरणाचा करार सिनेटसमोर आला तेव्हा हवाईच्या मूळ रहिवाशांनी २१,००० हून जास्त सह्यांचा अर्ज विरोधात धाडला. कराराला सिनेटमध्ये दोन तृतीयांश मतं लागतात, तेवढी जमेनात. १८९८ मध्ये स्पेनशी युद्ध सुरू झाल्यावर पळवाट निघाली : करार नकोच, दोन्ही सभागृहांचा संयुक्त ठराव करा, त्याला साधं बहुमत पुरतं. एक अख्खा देश असा ठरावाने आत घेतला गेला.

क्युबाचं थोडक्यात. मॅकिन्ली कायद्यामुळे क्युबाची साखर अमेरिकेत खपू लागली, मळे वाढले. १८९४ मध्ये साखरेवर पुन्हा जकात बसली आणि तिथली अर्थव्यवस्था कोलमडली. १८९५ मध्ये स्पेनविरुद्ध उठाव झाला. उठाव फक्त साखरेमुळे झाला असं मी म्हणत नाही, क्युबन नेते होसे मार्तींची तयारी कित्येक वर्षांची होती. पण बेकार झालेल्या मजुरांना बंडात ओढायला फार कष्ट पडले नाहीत. याच बंडातून पुढे अमेरिकेचं स्पेनशी १८९८ चं ते युद्ध पेटलं.

आता संत्री. स्पेनकडून पोर्तो रिको घेतल्यावर काँग्रेसने १९०० साली तिथून येणाऱ्या मालावर नेहमीच्या दराच्या १५ टक्के जकात लावली. सॅम्युअल डाउन्स नावाच्या व्यापाऱ्याच्या पेढीने न्यूयॉर्कला संत्री उतरवली, ६५९ डॉलर ३५ सेंट भरले आणि कोर्टात गेला. त्याचा मुद्दा बिनतोड होता : पोर्तो रिको अमेरिकेत असेल तर जकात कसली? घटना म्हणते की देशभर कर सारखाच हवा. मे १९०१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं की पोर्तो रिको अमेरिकेच्या मालकीचं आहे, पण करापुरतं अमेरिकेचा भाग नाही. म्हणजे झेंडा तिथे जाईल, घटना सगळीच जाईल असं नाही. संत्र्यांच्या पेट्यांवरून निघालेल्या या निकालावर लाखो माणसांचे हक्क आजही टांगलेले आहेत. पोर्तो रिकोत राहणारा अमेरिकी नागरिक आजही राष्ट्राध्यक्षाला मत देऊ शकत नाही.

आणि १९०५ मध्ये तर पडदाही उरला नाही. डोमिनिकन रिपब्लिक कर्जात बुडालं, युरोपातले सावकार आरमार पाठवतील अशी चिन्हं दिसू लागली, तेव्हा राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने तिथली जकातनाकीच ताब्यात घेतली. वसुली अमेरिकी अधिकारी करणार, ५५ टक्के धनकोंना, ४५ टक्के तिथल्या सरकारला. सिनेटने करार लांबवला तर त्याने तात्पुरत्या व्यवस्थेवर काम सुरूही केलं.

फिलिपिन्सवर प्रतिसादांत बोलू, नाहीतर इथेच पुरवणी जोडावी लागेल.

फाटकी_बंडी

म्हणजे १७६५ ची बंगालची दिवाणीच की! नवाब तिथेच, वसुली आमची. फक्त क्लाइव्हने निदान बादशहाकडून फर्मान तरी घेतलं.

गुळपापडी

मस्त लेख. एक शंका. राणीकडे स्वतःचे शिपाई होते ना? मग १६२ जणांसमोर तिने लगेच हार का मानली?

घाटावरचा

गुळपापडीताई, तिने बंडवाल्यांसमोर हार मानलीच नाही. तिच्या पत्रात लिहिलंय की मी अमेरिकेच्या वरचढ बळापुढे माघार घेते, आणि अमेरिकी सरकार वस्तुस्थिती कळल्यावर आपल्या प्रतिनिधीची कृती रद्द करेल तोपर्यंतच. वेडेपणा नव्हता हा. १८४३ मध्ये लॉर्ड जॉर्ज पॉलेट नावाच्या ब्रिटिश आरमारी अधिकाऱ्याने हवाई असंच बळकावलं होतं. तेव्हाच्या राजाने निषेध नोंदवून ताबा सोडला, आणि पाच महिन्यांत ब्रिटिश ॲडमिरल थॉमसने येऊन राज्य परत दिलं. राणी त्याच वाटेने गेली. या वेळी ॲडमिरल आला नाही.

१८९५ मध्ये तिच्या समर्थकांचा उठाव फसला, तेव्हा तिच्यावर तिच्याच राजवाड्यात खटला चालवला आणि तिथेच वरच्या मजल्यावरच्या खोलीत तिला डांबलं. १९९३ मध्ये अमेरिकी काँग्रेसने रीतसर माफी मागितली. माफीच्या ठरावातच लिहून ठेवलंय की यातून अमेरिकेविरुद्ध कोणताही दावा निकालात निघाला असं समजू नये. हवाईवासी अजून त्या वाक्यावर भांडतात.

शंकासूर

लेख चांगला, पण साखर जरा जास्तच पडली आहे.

हवाईतला सगळ्यात मोठा साखरसम्राट क्लॉस स्प्रेकल्स. तो विलीनीकरणाच्या *विरोधात* होता. कारण उघड आहे : अमेरिकेत गेलं की तिथले कायदे लागू होणार, करारावर बांधून आणलेले आशियाई मजूर बंद होणार. शिवाय ते दोन सेंट अनुदान १८९४ मध्येच रद्द झालं. मग १८९८ मध्ये विलीनीकरण कोणत्या दोन सेंटांसाठी झालं म्हणे?

१८९७ मध्ये हवाई सरकारने जपानी स्थलांतरितांची जहाजं परत पाठवली, तेव्हा जपानने 'नानिवा' ही युद्धनौका होनोलुलूला धाडली. वॉशिंग्टनमध्ये घबराट उडाली ती त्याची. पुढच्या वर्षी १ मेला अमेरिकी आरमाराच्या ड्यूईने मनिलाच्या आखातात स्पॅनिश आरमार बुडवलं आणि तिकडे जाणाऱ्या प्रत्येक जहाजाला होनोलुलूत कोळसा भरावा लागला. मतं तिथून आली. ज्या आल्फ्रेड महान या अमेरिकी नौदल अधिकाऱ्याचं आरमारी सत्तेवरचं लिखाण रूझवेल्ट आणि जर्मनीचा कैसर दोघेही वाचत होते, त्याचं नावही तुमच्या लेखात नाही!

घाटावरचा

शंकासूर, स्प्रेकल्सचा मुद्दा मान्य, आणि चांगला आहे. तो कॅलिफोर्नियातला शुद्धीकरण कारखानदार होता, त्याचं गणित वेगळं. पण १८९३ च्या बंडात जे होते, त्यांचं भांडवल हवाईत अडकलेलं. १८९८ साठी कोळसा आणि जपान ही कारणं जास्त वजनदार, हे मी नाकारत नाही. माझा मुद्दा असा की १८९३ झालं नसतं तर १८९८ ला सही करायला होनोलुलूत कुणी बसलेलंच नसतं.

महानवर इथे आधीच तीन धागे आहेत हो.

तांडेल०७

पोर्तो रिकोचं निघालंय म्हणून लिहितो. बोटीवर तिसरा इंजिनिअर असताना सॅन हुआनला गेलोय. आमच्या जहाजाचा झेंडा लायबेरियाचा. आदल्या बंदरात, फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला, माल उतरवला. पुढचं बंदर सॅन हुआन, पोटात जागा रिकामी, आणि तरी जॅक्सनव्हिलहून सॅन हुआनसाठी एक खोकंसुद्धा उचलायची मुभा नाही. १९२० चा जोन्स कायदा : दोन अमेरिकी बंदरांमधला माल फक्त अमेरिकेत बांधलेल्या, अमेरिकी मालकीच्या, अमेरिकी झेंड्याच्या जहाजानेच न्यायचा, खलाशीही मुख्यतः अमेरिकी. असं जहाज बांधायला कोरियाच्या कितीतरी पट खर्च येतो, तो भाड्यात वसूल होतो, आणि भाडं बेटावरच्या दुकानात तांदळाच्या पिशवीवर चढतं.

२०१७ मध्ये मारिया वादळाने बेट उद्ध्वस्त झालं तेव्हा हा कायदा शिथिल केला. किती दिवस? दहा.

म्हणजे बघा, १९०१ मध्ये जकातीसाठी पोर्तो रिको परका आणि १९२० मध्ये जहाजांसाठी घरचा. शेजारचं सेंट थॉमस बेटही अमेरिकेचंच, ते मात्र या कायद्यातून वगळलेलं आहे. लॉजिक विचारू नका.

फाटकी_बंडी

तांडेल, लॉजिक आहे की. आपल्याला सोयीचं तेव्हा मामा, नाहीतर तू कोण मी कोण.

पेरूची_फोड

फिलिपिन्सची वाट बघतेय. माझा भाचा दावाओला डॉक्टरकी शिकून आला. आपल्याकडची पुष्कळ मुलं तिकडे जातात, कारण शिक्षण इंग्रजीतून. तीनशे वर्षं स्पॅनिश राज्य होतं तर स्पॅनिश का नाही, हे कुणी विचारत नाही. १९०१ च्या ऑगस्टमध्ये 'थॉमस' नावाच्या लष्करी जहाजातून पाचशेच्या आसपास अमेरिकी शिक्षक मनिलाला उतरले. तिकडे त्यांना अजून थॉमसाइट म्हणतात. त्यांनी सरसकट इंग्रजी शाळा काढल्या.

आणि 'गोऱ्या माणसाचं ओझं' ही किपलिंगची कविता सगळ्यांना आपल्यावर, म्हणजे हिंदुस्थानवर लिहिलेली वाटते. ती फिलिपिन्सवर आहे. फेब्रुवारी १८९९ मध्ये अमेरिकेला उद्देशून लिहिलेली, उपशीर्षकातच तसं म्हटलंय. कवी मात्र आपल्या मुंबईचा, जे.जे.च्या आवारात जन्मलेला! रूझवेल्टला ती छापण्याआधीच मिळाली होती. त्याने मित्राला कळवलं की काव्य म्हणून बेताचंच, पण विस्तारवाद्यांच्या दृष्टीने विचार चांगला.

शंकासूर

पेरूताई, शिक्षक उतरले हे खरं. पण त्याच वर्षी तिथे आणखी काय चाललं होतं हेही लिहायला हवं. जकातीच्या चर्चेत मेलेली माणसं गायब होतायत, म्हणून मीच लिहितो.

१८९८ च्या मेमध्ये अमेरिकी जहाजानेच फिलिपिनो बंडाचा पुढारी एमिलिओ अग्विनाल्दो याला हाँगकाँगहून परत आणलं, स्पेनविरुद्ध लढायला. १२ जूनला त्याने स्वातंत्र्य जाहीर केलं. त्याच्या सैन्याने मनिलाला वेढा घातला. शहरातल्या स्पॅनिश अधिकाऱ्यांना शरण जायचं होतं, पण फिलिपिनोंना नाही. मग १३ ऑगस्टला अमेरिकी आणि स्पॅनिश सेनापतींनी आधी ठरवून लुटुपुटूची लढाई केली. थोड्या तोफा उडाल्या, पांढरं निशाण वर गेलं, अमेरिकी सैन्य तटाच्या आत गेलं, आणि ज्यांनी वेढा घातला होता ते बाहेरच राहिले. गंमत म्हणजे आदल्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये युद्धबंदीवर सह्या झाल्या होत्या. बातमी पोहोचली नाही, कारण समुद्राखालची तार ड्यूईनेच तोडून ठेवली होती.

डिसेंबरमध्ये पॅरिसला तह झाला. स्पेनने फिलिपिन्स २ कोटी डॉलरला दिलं. फिलिपिनोंचा प्रतिनिधी फेलिपे अगोन्सिलो दारात उभा होता, त्याला आत घेतलं नाही. ४ फेब्रुवारी १८९९ ला मनिलाच्या वेशीवर गोळीबार सुरू झाला, ६ फेब्रुवारीला सिनेटने ५७ विरुद्ध २७ मतांनी तह मंजूर केला. गरजेपेक्षा एकच मत जास्त.

पुढे तीन वर्षं युद्ध. कैद्याच्या घशात पाणी ओतून पोट फुगवायचं आणि मग पोटावर दाबायचं, ही चौकशीची पद्धत सिनेटच्या समितीसमोर अमेरिकी सैनिकांनीच शपथेवर सांगितली. सप्टेंबर १९०१ मध्ये सामार बेटावर बालांगिगा गावात गावकऱ्यांनी न्याहारीच्या वेळी हल्ला करून ४८ अमेरिकी सैनिक मारले. त्यावर जनरल जेकब स्मिथने हुकूम दिला की बेट ओसाड करून टाका, हत्यार उचलू शकेल अशा सगळ्यांना मारा. वय विचारलं तर म्हणाला, दहा वर्षांवरचे. कोर्टमार्शल झालं, समज दिली, निवृत्त केलं. बस्स. गावच्या चर्चच्या घंटा लूट म्हणून नेल्या होत्या, त्या परत आल्या डिसेंबर २०१८ मध्ये.

बातांगासमध्ये जनरल बेलने गावंच्या गावं छावण्यांत कोंडली. स्पेनने क्युबात हेच केलं म्हणून अमेरिकी वर्तमानपत्रांनी युद्धाचा धोशा लावला होता ना? चार वर्षांत तोच प्रयोग स्वतः.

अमेरिकी परराष्ट्र खात्याच्याच इतिहास विभागाचे आकडे : ४,२०० हून जास्त अमेरिकी सैनिक, २०,००० हून जास्त फिलिपिनो लढवय्ये, आणि हिंसा, उपासमार, रोगराईत दोन लाखांपर्यंत सामान्य माणसं.

याला साखरेचा कोणता दर लावणार?

गुळपापडी

वाचून सुन्न झाले. अमेरिकेत याला विरोध नव्हता का कुणाचा?

शंकासूर

होता की. १८९८ मध्ये बॉस्टनला साम्राज्यवादविरोधी लीग निघाली. मार्क ट्वेन, अँड्र्यू कार्नेगी यांच्यासारखी माणसं त्यात होती. पण सगळ्यांना एका माळेत ओवून संत करू नका. काँग्रेसमधल्या दक्षिणेकडच्या कित्येकांचा विरोध असा होता की ही बेटं घेतली तर इतके 'रंगीत' लोक उद्या नागरिकत्व मागतील. विस्तारवादी म्हणत, हे लोक हीन आहेत म्हणून यांच्यावर राज्य करू. हे म्हणत, हीन आहेत म्हणून आपल्या घरात नकोत. ट्वेनसारखे वेगळे, पण थोडे.

घाटावरचा

शंकासूरच्या प्रतिसादाला +१. दर लावायचाच नाहीये. पण फिलिपिन्स अमेरिकेने *सोडलं* कसं, ते बघा, म्हणजे मी या तक्त्याला का चिकटून आहे ते कळेल.

फिलिपिन्सची साखर आणि खोबरेल अमेरिकेत बिनजकात यायला लागलं. १९२९ ची मंदी आली, शेतमालाचे भाव पडले. पश्चिमेकडचे बीटपासून साखर काढणारे बीटवाले या साखरेविरुद्ध ओरडू लागले, दूध-लोण्याचे आणि सरकीच्या तेलाचे धंदेवाले खोबरेलाविरुद्ध. मजूर संघटनांना कॅलिफोर्नियाच्या शेतांतले फिलिपिनो मजूर नको होते. पण फिलिपिन्स ताब्यात असेपर्यंत माल थोपवायचा कसा आणि माणसं अडवायची कशी? उपाय एकच, देश परका करा. १९३४ चा टायडिंग्ज-मॅकडफी कायदा त्यातून आला. दहा वर्षांच्या संक्रमणानंतर स्वातंत्र्य, मालावर टप्प्याटप्प्याने जकात, आणि स्थलांतराची मर्यादा वर्षाला ५० माणसं. पन्नास! तीही लगेच लागू, स्वातंत्र्याची वाट न बघता.

फिलिपिनो नेता मनुएल केझोन आणि त्याच्या सहकाऱ्यांची स्वातंत्र्याची मागणी प्रामाणिकच होती, त्यांचं श्रेय काढून घेत नाही. पण तीस वर्षं जी मागणी वॉशिंग्टनच्या कानात शिरत नव्हती, ती बीटवाल्यांनी री ओढल्यावर चटकन ऐकू आली.

४ जुलै १९४६ ला, म्हणजे अमेरिकेच्याच स्वातंत्र्यदिनी, स्वातंत्र्य मिळालं. मनिला युद्धात बेचिराख झालेली, मदतीची गरज. तेव्हा बेल कायदा आला : युद्धभरपाईतली मोठी रक्कम हवी तर अमेरिकी लोकांना तुमच्या खाणी-जमिनींत फिलिपिनोंइतकेच हक्क द्या, घटनादुरुस्ती करून द्या. दिली बिचाऱ्यांनी.

बाराखडी

१९७१ मध्ये आपल्याला धमकवायला जे सातवं आरमार बंगालच्या उपसागरात आलं, त्याचा सुबिक बेचा तळही याच फिलिपिन्समधला. १९९१ मध्ये त्यांच्या सिनेटने १२ विरुद्ध ११ मतांनी तळाचा करार फेटाळला. एका मताने घेतलं, एका मताने घालवलं.

बाकी, क्युबातल्या ग्वांटानामोच्या अमेरिकी आरमारी तळाचं कुणी बोललं नाही. क्युबाला वर्षाला ४,०८५ डॉलर भाडं. कास्ट्रो आल्यावर १९५९ चा एक चेक वटवला, त्यानंतरचे नाही. मुंबईत पागडीवाल्यांनाही लाजवील असा भाडेकरू.

तांडेल०७

वर सेंट थॉमस म्हणालो, ते मुळात डॅनिश. १९१७ मध्ये डेन्मार्ककडून अडीच कोटी डॉलरला घेतलं. त्या व्यवहारात अमेरिकेने लिहून दिलंय की डेन्मार्कने आपला अंमल सगळ्या ग्रीनलँडवर वाढवला तर आमची हरकत नाही. हल्लीच्या बातम्या वाचताना हा कागद कुणी बाहेर काढत नाही याची मौज वाटते.

पेरूची_फोड

घाटावरचा, पक्ष्यांच्या विष्ठेसाठी बेटं घेण्याचा एक कायदा होता म्हणतात, तो खरा का? की फॉरवर्ड आहे?

घाटावरचा

खरा. १८५६ चा ग्वानो बेटांचा कायदा. खतासाठी ग्वानोला तेव्हा सोन्यासारखी मागणी. ज्या बेटावर कुणाचा ताबा नाही ते अमेरिकी नागरिकाने शोधावं, राष्ट्राध्यक्षाने मनावर घेतलं तर ते अमेरिकेचं. शंभरेक बेटांवर असे दावे लागले. हैतीजवळच्या नवासावर बॉल्टिमोरहून नेलेल्या काळ्या मजुरांनी १८८९ मध्ये हाल असह्य होऊन बंड केलं, पाच गोरे मुकादम मेले. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि बेट अमेरिकेच्याच अखत्यारीत आहे असं न्यायालयाने १८९० मध्ये ठरवलं. राष्ट्राध्यक्ष हॅरिसनने तिघांची फाशी रद्द करून जन्मठेप केली, मजुरांना वागवलं कसं होतं ते बघून. संत्र्यांच्या खटल्याच्या अकरा वर्षं आधीची गोष्ट. नवासावर हैतीचा दावा अजून कायम आहे, कायदाही पुस्तकात आहे.

फाटकी_बंडी

नवासाचा वेगळा धागा काढा मालक. इथे आता मोबाईलवर वर जायला अंगठा दुखतो.